आयर्लंडमध्ये काय घडले? लैंगिक नीतिमत्तेविषयी एक अभ्यासपाठ



‘पाश्चात्त्य देशांत लैंगिक नीतिमत्ता पार बुडाली’ हे वाक्य आपल्या कानांवर वरचेवर पडते. आपण मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. हे कसे घडले, का घडले, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. म्हणून या पाठात ‘पाश्चात्त्य जग’ असे मोघम न बोलता एकच देश डोळ्यांसमोर घेऊ या. तो देश आहे आयर्लंड. जगभर मिशनरी धर्मगुरू आणि धर्मभगिनी पाठवणारा हा कॅथलिक देश. तिथे जे घडले ते ‘त्या नास्तिक लोकांचे’ म्हणून आपल्याला झटकून टाकता येणार नाही.

पूर्वीचे आयर्लंड

१९६१ च्या जनगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात १०० पैकी सुमारे ९५ लोक कॅथलिक होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी दहांपैकी नऊ कॅथलिक दर रविवारी मिस्साला जात. संततिनियमनाच्या साधनांच्या विक्रीवर १९३५ पासून कायद्याने बंदी होती. १९३७ च्या राज्यघटनेत घटस्फोटाला मनाई होती. १९७० साली जन्मलेल्या १०० बालकांपैकी विवाहाबाहेर जन्मलेली तीनसुद्धा नव्हती. सप्टेंबर १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल डब्लिनला आले, तेव्हा फिनिक्स पार्कमधील मिस्साला दहा लाखांहून अधिक भाविक जमले होते. हे चित्र पाहून कुणालाही वाटले असते की, इथली श्रद्धा आणि नीती खडकावर बांधलेली आहे.

बदल कसा झाला?

हा बदल एका रात्रीत झाला नाही. १९६१ च्या अखेरीस तिथे दूरदर्शन सुरू झाले आणि ज्या विषयांवर घरात कुणी बोलत नसे, ते विषय दिवाणखान्यात आले. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. लग्न झाले की स्त्रीला सरकारी नोकरी सोडावी लागे, तो नियम १९७३ साली गेला. त्याच वर्षी देश युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. मुली शिकल्या, कमावू लागल्या, प्रश्न विचारू लागल्या.

१९६८ साली पोप सहावे पॉल यांनी ‘ह्युमाने व्हिते’ हे परिपत्रक काढले. पतिपत्नीचे एकरूप होणे आणि नव्या जीवाचे स्वागत करणे या वैवाहिक प्रेमाच्या दोन बाजू माणसाने तोडू नयेत, हा त्याचा गाभा. शिकवण उदात्त होती. पण ती समजावून सांगण्यापेक्षा कायद्यावर विसंबणे सोपे होते. आणि कायद्याला लोकांनी वाटा शोधल्या. गर्भनिरोधक गोळी ‘पाळी नियमित करण्याचे औषध’ म्हणून डॉक्टरांकडून मिळत असे. १९७१ साली काही स्त्रिया आगगाडीने बेलफास्टला गेल्या आणि बंदी असलेली साधने उघडपणे घेऊन परतल्या. १९७९ च्या कायद्याने ही साधने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागली, १९८५ मध्ये बंधने आणखी सैल झाली. घटस्फोटाला १९८६ मध्ये मतदारांनी नकार दिला; १९९५ मध्ये मात्र दहा हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने होकार दिला. २०१५ मध्ये ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. २०१८ मध्ये गर्भपातावरील घटनात्मक बंदी ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी उठली. १९८३ मध्ये जवळपास तेवढ्याच मतांनी ती बंदी घटनेत घालण्यात आली होती! २०२२ च्या जनगणनेत कॅथलिकांचे प्रमाण ६९ टक्क्यांवर आले. अलीकडच्या काळात तिथे १०० पैकी सुमारे ४० बालके विवाहाबाहेर जन्मतात.

पडद्याआड काय होते?

केवळ दूरदर्शन आणि पैसा यांमुळे हे झाले असे म्हटले तर ते अर्धसत्य ठरेल. बाहेरून दिसणाऱ्या सदाचाराच्या मागे बरेच अश्रू दडलेले होते.

अविवाहित मुलीला दिवस गेले की घरचे तिला लपवत. तिला माता-बालक गृहात पाठवले जाई. बाळ जन्मले की बहुतेकदा ते दत्तक दिले जाई. काही जणींना धर्मभगिनींच्या धुलाईगृहांत कपडे धुण्याच्या कामाला जुंपले जाई. या धुलाईगृहांना मग्दालिया मरियेचे नाव होते. १९२२ पासून सुमारे दहा हजार स्त्रिया व मुली त्यांत राहून गेल्या. त्या सगळ्या काही अविवाहित माता नव्हत्या; कित्येक जणी केवळ गरीब किंवा पोरक्या होत्या. शेवटचे धुलाईगृह १९९६ साली बंद झाले. माता-बालक गृहांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १८ संस्थांत सुमारे नऊ हजार बालके दगावली होती.

३१ जानेवारी १९८४ रोजी ग्रानार्ड नावाच्या छोट्या गावात १५ वर्षांची एक शाळकरी मुलगी थंडीपावसात एकटीच पवित्र मरियेच्या ग्रोटोजवळ गेली आणि तिथे बाळंत झाली. बाळ दगावले. काही तासांनी तीही गेली. घर, शाळा, चर्च, शेजारपाजार सगळे जवळ होते. पण ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असा एकही माणूस तिला दिसला नाही. ती मरियामातेकडे गेली. बंधुभगिनींनो, या घटनेपाशी क्षणभर थांबा. त्या मुलीला सहावी आज्ञा पाठ असणारच. आज्ञा मोडली गेल्यावर कुठे जायचे, हे मात्र तिला कुणी शिकवले नव्हते.

आणि तो पुरुष? बाळाच्या बापाला कुणी लपवले नाही, कुणी धुलाईगृहात पाठवले नाही. या स्त्रियांना मिळालेल्या कठोर वागणुकीची जबाबदारी मुख्यतः बालकांचे वडील आणि मुलींची स्वतःची कुटुंबे यांच्यावर येते, असे त्या आयोगाने म्हटले. शासन आणि ख्रिस्तसभा यांना त्यातून सोडून दिले जाऊ नये, असे पीडित स्त्रियांनी ठणकावून सांगितले. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे.

इतरांना संयम शिकवणाऱ्यांचे स्वतःचे वर्तनही उघडे पडले. १९९२ मध्ये एका बिशपांना एक मुलगा असल्याचे उघड झाले आणि त्यांनी पद सोडले. २००९ च्या दोन सरकारी अहवालांनी बालकांवरील अत्याचार आणि ते झाकण्याचे प्रयत्न जगासमोर मांडले. २०१० मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून दुःख व्यक्त केले. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याच फिनिक्स पार्कमध्ये परमेश्वराकडे आणि पीडितांकडे क्षमायाचना केली.

एका घटनेचा आपल्या भागाशीही संबंध आहे. बेळगावच्या दंतवैद्य डॉ. सविता हलप्पनवार यांचा ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवे येथे जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. त्यांचा गर्भ आपोआप पडू लागला होता; गर्भ काढण्याची त्यांची विनंती मान्य झाली नाही. आईच्या गंभीर आजारावरील आवश्यक उपचारांना ख्रिस्तसभेची शिकवण आडवी येत नाही. पण शिकवण मनात न मुरता केवळ कायद्याचा धाक उरला की गोंधळ होतो आणि जीव जातो. २०१८ च्या मतदानात कित्येकांच्या डोळ्यांपुढे सविताचा चेहरा होता.

दोन चुकीचे निष्कर्ष

पहिला : ‘पूर्वीचा धाकच बरा होता.’ नाही. लोक काय म्हणतील या भीतीने पाळलेली शुचिता ही शुचिता नव्हे. भीती गेली की तीही जाते. आयर्लंडमध्ये नेमके हेच झाले. काही बदल तर चांगलेच झाले, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९८७ च्या कायद्याने विवाहाबाहेर जन्मलेल्या बालकावरचा ‘अनौरस’ हा शिक्का पुसला. बाळाने काय पाप केले होते?

दुसरा : ‘शिकवणच चुकीची होती.’ तेही नाही. आज पाश्चात्त्य समाजात एकच नियम उरला आहे : दोघांची संमती असेल तर सर्व काही योग्य. संमतीचा आग्रह योग्यच आहे. विवाह संस्कारात ख्रिस्तसभाही तो धरते. दडपणाखाली दिलेल्या होकाराने विवाह ग्राह्य होत नाही. २०१७ मध्ये ‘मी टू’ चळवळीत असंख्य स्त्रियांनी आपल्या व्यथा सांगितल्या, तेव्हा ही संमती किती सहज पायदळी तुडवली जाते, हे जगाला कळले. पण संमती हे दार आहे, घर नव्हे. एकमेकांना दिलेला शब्द, आजारपणातही टिकणारी साथ, येणाऱ्या बाळाची जबाबदारी हे सारे त्या दारापलीकडे आहे. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांना सांगतो (१ करिंथ ६:१९). म्हणून ते लाजेचीही वस्तू नाही आणि उपभोगाचीही नाही.

प्रभू येशूची रीत

योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला लोक प्रभूसमोर आणतात. मोशेच्या नियमानुसार पुरुषही तितकाच दोषी. पण त्याला कुणी आणलेले नाही! ग्रानार्डपर्यंत हीच रीत चालत आली. प्रभू दोन गोष्टी करतो. आधी तो दगड खाली टाकायला लावतो, मग त्या स्त्रीला पाप सोडून नवे जीवन जगायला सांगतो. आयर्लंडच्या जुन्या पिढीने दुसरी गोष्ट धरली आणि पहिली सोडली. नव्या पिढीने पहिली धरली आणि दुसरी सोडली. प्रभूने मात्र दोन्ही एकत्र ठेवल्या आणि आपल्यालाही तसे करायला सांगितले आहे.

आपण काय करावे?

आपल्या मुलांच्या हातांत मोबाइल आहे. आपण बोललो नाही तर त्यांना दुसरे कुणीतरी शिकवणारच आहे. पोप फ्रान्सिस यांच्या ‘आमोरिस लेतीत्सिया’ (२०१६) या पत्राच्या सातव्या अध्यायात मुलांच्या लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट मांडली आहे. हे काम लग्नपूर्व शिबिरावर सोपवून चालणार नाही. तोवर फार उशीर झालेला असतो. ते घरातच, वयानुसार, साध्या शब्दांत सुरू झाले पाहिजे. ‘नको’ सांगताना ‘का नको’ हेही सांगू या. मुलीला जे नियम, तेच मुलालाही लावू या. आणि आपल्या मुलांना एक गोष्ट अगदी पक्की ठाऊक असू द्या : काहीही झाले तरी घराचे दार उघडे आहे, पापनिवेदनाची खुर्ची मोकळी आहे. अडचणीत सापडलेल्या मुलीच्या मदतीला आपण धावून गेलो नाही, तर गर्भातल्या बाळाच्या रक्षणाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात लैंगिक विषयांवर मुलांशी कोण बोलते? आई, वडील की कुणीच नाही?

२. एखाद्या अविवाहित मुलीला दिवस गेले असे कळले, तर आपल्या वाडीत पहिल्या दिवशी काय बोलले जाईल? प्रभूला त्याऐवजी काय ऐकायला आवडेल?

३. आपण मुलगा आणि मुलगी यांना वेगवेगळी मापे लावतो का?

४. आपण जी नीती पाळतो, ती लोकलाजेसाठी की प्रभूवरील प्रेमासाठी?

पवित्र कुटुंब नाझरेथ आपल्या कुटुंबांसाठी विनंती करो.