धरणाच्या काठावरची फुलपाखरे

मुलांनो, फुलपाखरू फुलावरच शोधायचं असं कोणी सांगितलं? राधानगरीला भोगावती नदीवर राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आहे. त्याच्या लक्ष्मी तलावाच्या काठी गेलात तर ओल्या मातीकडे बघा. फुलपाखरे घोळक्याने बसून सोंडेने ओल शोषतात. याला चिखलपान म्हणतात. फुलांच्या मधुरसात क्षार फार कमी, ते मातीतून घ्यावे लागतात. येणारे बहुतेक नर! मीलनाच्या वेळी हे क्षार मादीला मिळतात नि अंड्यांच्या कामी येतात. म्हणून घोळक्यात धावत जाऊन त्यांना उडवायचं नाही. चिमटीत तर धरायचंच नाही, पंखावरचे खवले गेले की पुन्हा येत नाहीत. काळ्या पंखांवर निळी झाक दिसली तर तो निळवंत, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पाने खातात. परसातलं लिंबाचं झाडही तपासा बरं.