एकाच खेळाडूची १२० कार्डं विकायची आहेत? आधी तीन ढीग करा



पडून असलेला माल मोकळा कसा करायचा, हे आपण मागच्या व्हिडिओत पाहिलं. त्यावर अमेरिकेत सिॲटलजवळ राहणाऱ्या आपल्या एका प्रेक्षकाने छान प्रश्न विचारला. त्याच्या शेजारच्या आजोबांनी तीस वर्षं केन ग्रिफी ज्युनियर या एकाच बेसबॉलपटूची कार्डं जमवली. १२० कार्डं, सगळी ग्रेड केलेली. आता आजोबांना वृद्धनिवासात राहायला जायचंय. चार महिन्यांत पैसे उभे करायचेत. एक डीलर म्हणतो, सगळ्याचे मिळून १०,००० डॉलर देतो. द्यावं का?

बेसबॉल आपला विषय नाही, पण धडा आपलाच आहे. लिहून ठेवा: जमवणारा संग्रह जमवतो, बाजार मात्र एकेक कार्ड विकत घेतो.

ग्रेड केलेलं म्हणजे काय?

पीएसए, बेकेट, एसजीसी या कंपन्या कार्ड तपासतात. खरं आहे का, छपाई मधोमध आहे का, कोपरे, कडा, पृष्ठभाग कसे आहेत, हे पाहून १ ते १० गुण देतात. मग कार्ड प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होतं. त्या डबीला म्हणतात स्लॅब. स्लॅबवर गुण आणि नोंदणी क्रमांक असतो. गिऱ्हाईक कार्ड हातात न घेता लांबून विकत घेऊ शकतं, ते या स्लॅबमुळे.

मोठं नाव म्हणजे मोठा भाव नव्हे

ग्रिफी सिॲटल मरिनर्सचा लाडका. ६३० होम रन्स, २०१६ मध्ये ९९.३ टक्के मतांनी हॉल ऑफ फेममध्ये. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड म्हणजे १९८९ चं अपर डेक, क्रमांक १. पण त्या काळात कंपन्यांनी कार्डं भरमसाट छापली. या एका कार्डाला पीएसएने दिलेले १० गुणच चार हजारांहून जास्त वेळा दिलेत, ९ गुणवाली तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून त्याच कार्डाच्या ९ आणि १० गुणांच्या भावात मोठी दरी असते. उलट १९९३ चं टॉप्स फायनेस्ट रिफ्रॅक्टर नवख्याला ओळखूही येणार नाही, पण ते मुळातच कमी निघालं.

कोणत्या कार्डाला कोणते गुण किती वेळा मिळाले, याचा तक्ता पीएसएच्या साइटवर फुकट दिसतो. त्याला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात. भाव ठरवण्याआधी तो बघा.

भाव कुठून काढायचा?

ईबेवर लोक काय मागतायत ते बघू नका. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं! ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा. तेच कार्ड, तीच कंपनी, तेच गुण, असे शेवटचे पाच-सहा व्यवहार घ्या. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा, उरलेल्यांची सरासरी धरा.

आता तीन ढीग

हिशोब कळावा म्हणून गोल आकडे घेऊ.

पहिला ढीग: वरची १२ कार्डं, बाजारभाव ९,६०० डॉलर.
दुसरा: मधली ४८, भाव ४,८००.
तिसरा: खालची ६०, भाव १,२००.
एकूण १५,६००.

पहिला ढीग एकेक करून ईबेवर विकला, सुमारे १३ टक्के फी आणि विम्यासकट टपालखर्च गेला, तरी ८,१०० च्या आसपास हातात येतात. आलं का लक्षात? डीलरच्या १०,००० पैकी बहुतेक किंमत या बारा कार्डांतच आहे.

तिसऱ्या ढिगाचं उलटं. २० डॉलरच्या कार्डातून फी, खोकं, टपाल वजा केलं की १२-१३ डॉलर उरतात. त्यासाठी फोटो, वर्णन, पॅकिंग, पोस्टाची फेरी. तुमच्या तासाला किंमत आहे की नाही? हा ढीग एकगठ्ठा द्यायचा.

मधल्या ढिगाचे चार-पाच कार्डांचे छोटे गट करा, एका वर्षाचे किंवा एका कंपनीचे.

डीलरला विचारायचा एकच प्रश्न

“वरची बारा आम्ही ठेवली, तर उरलेल्या १०८ चे किती द्याल?”

तो ३,००० म्हणाला, तर एकूण ११,१०० झाले. फक्त बारा पार्सलं करून हजारावर डॉलर जास्त. तो ८०० म्हणाला, तर मधला ढीगही स्वतः विकायचा. डीलर लबाड असतो असं नाही हं. त्याचं भांडवल अडकतं, माल पडून राहतो, नफा तो धरणारच. पण तुमचं कुठलं काम तो करतोय आणि त्याचे किती घेतोय, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

एकाच खेळाडूचा संग्रह असेल तर या तीन गोष्टी

१. सगळं एकाच आठवड्यात काढू नका. ग्रिफीची कार्डं घेणारी माणसं मोजकी, त्यांचं महिन्याचं बजेटही मोजकं. एकदम माल टाकलात तर तुमचंच कार्ड तुमच्याच कार्डाचा भाव पाडेल. चार महिने आहेत ना? आठवड्याला एक-दोन भारी कार्डं सोडा.

२. खरा गिऱ्हाईक ओळखा. पीएसएच्या सेट रजिस्ट्रीवर लोक एकाच खेळाडूचा पूर्ण संच करायची चढाओढ करतात. त्यांना तुमची १२० नको असतात, त्यांच्याकडे नसलेली तीन हवी असतात. त्या तिनांसाठी ते भाव ताणतात. म्हणून वर्ष, कंपनी, क्रमांक, गुण हे सगळं शीर्षकात लिहा आणि स्लॅबचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका.

३. चमत्काराची वाट बघू नका. खेळत्या खेळाडूचा भाव रोजच्या सामन्याबरोबर हलतो. ग्रिफी २०१० मध्येच निवृत्त झाला, सगळे मान मिळून गेले. त्यामुळे घाबरून विकायची घाई नको आणि उगाच धरून ठेवायचा मोहही नको.

कर विसरू नका

अमेरिकेत वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो. कर नफ्यावर आहे, विक्रीवर नाही. म्हणून आजोबांच्या जुन्या खरेदीच्या पावत्या आणि ग्रेडिंगची बिलं आधी शोधा. फाटकी पावतीसुद्धा पैसे वाचवते. हिशोब तिथल्या सीपीएकडून तपासून घ्या.

आणि आजोबांना एक गोष्ट आधीच, नीट समजावून सांगा. संच पूर्ण करायला त्यांनी जी तीस वर्षं घातली, त्याचा वेगळा भाव बाजार देणार नाही. म्हणून त्यांना सर्वात आवडतं एक कार्ड यादीतून काढून त्यांच्याकडेच राहू द्या. १२० ऐवजी ११९ विकली तर हिशोब फारसा बिघडत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातला सगळ्यात जुना माल काढा. तीन ढीग करा. प्रत्येक ढिगापुढे दोन आकडे लिहा: हातात किती येतील आणि किती तास जातील. मग ठरवा काय सुटं विकायचं आणि काय गठ्ठ्याने.

भेटू पुढच्या धड्यात.