जबलपुरातला घरचा समुद्र

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. समोरच अरबी समुद्र. आपल्याला ती सोय नाही. जबलपूरहून वाहत जाणारी नर्मदा भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळते खरी, पण इथून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही माझ्या क्वार्टरमध्ये तीन वर्षांपासून दोन क्लाऊनफिश मजेत राहतात. अनेक छात्र आणि पालक ‘हे कसे जमवायचे?’ असे विचारतात, म्हणून हा पाठ. त्याचे सार आधीच सांगतो: मासा सगळ्यात शेवटी आणायचा. त्याआधी पाणी तयार करायचे आणि ते तयार झाले आहे हे मोजून सिद्ध करायचे.

टाकी आणि जागा

माझी टाकी 3 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. हिशेब केला तर घनफळ सुमारे 191 लिटर येते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी मावते साधारण 150 लिटर. काच, वाळू आणि दगडांसह एकूण वजन 200 किलोच्या पुढे जाते, म्हणून मजबूत लोखंडी स्टँड आणि सपाट जमीन हवी. टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नका, शेवाळ माजते.

विजेबाबत हयगय नको. खारे पाणी वीज फार चांगली वाहून नेते. अर्थिंग आणि आरसीसीबी तपासून घ्या. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून आलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल. टाकीत हात घालण्यापूर्वी स्विच बंद.

पाणी आणि मीठ

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 150 लिटरला सव्वापाच किलो. मग स्वयंपाकघरातले मीठ का चालत नाही? समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड यांचा वाटा सुमारे 85 टक्के असतो. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असतात आणि सागरी जीवांना तेही लागतात. त्यासाठी मत्स्यालयाचे तयार सागरी मीठ मिळते. पाकिटावरचे प्रमाण पाळा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्यामुळे आरओचे पाणी वापरा. मीठ बादलीत विरघळवा, पंपाने रात्रभर ढवळू द्या आणि मग विशिष्ट गुरुत्व मोजा. ते 1.024 ते 1.026 च्या दरम्यान हवे.

आता एक गंमत. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. 150 लिटरमधले 15 लिटर उडून गेले तर तेच सव्वापाच किलो क्षार 135 लिटरमध्ये राहतात. 35 ग्रॅमचे जवळजवळ 39 ग्रॅम झाले! म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नाही.

दगड आणि वाट पाहणे

दगड सच्छिद्र हवा, कारण खरे काम करणारे जिवाणू त्या छिद्रांत राहतात. भेडाघाटचा संगमरवर दिसायला सुंदर, पण घट्ट आणि गुळगुळीत. जिवाणूंना त्यात जागा कमी. शिवाय तो तिथेच शोभतो. मत्स्यालयासाठी विकला जाणारा कोरडा सच्छिद्र दगड घ्या. मालवण किंवा अंदमानच्या सहलीतून प्रवाळाचा तुकडा आणण्याचा विचारही करू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार प्रवाळ आणि समुद्रघोडा संरक्षित आहेत.

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे बरेच सौम्य असते. हे दोन्ही गट नव्या टाकीत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा नसतो. चिमूटभर माशांचे खाद्य टाकायचे, ते कुजते आणि जिवाणूंना अमोनिया मिळतो.

आमच्या घरी हा काळ 37 दिवसांचा झाला. धाकटी मुलगी रोज शाळेतून आली की विचारायची, ‘बाबा, मासे आज आणायचे?’ मी तिच्या हातात चाचणी संच आणि वही दिली. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढले, उतरले. दोन्ही सलग तीन दिवस शून्य आले तेव्हा तिनेच सांगितले, ‘आता चालेल.’

मासे

सुरुवातीला क्लाऊनफिशची एक जोडी पुरे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात त्यांच्या प्रजननाची पद्धत विकसित केली आहे. विक्रेत्याकडून समुद्रातून पकडलेले नव्हे, तर असे पैदास केलेलेच मासे मागा. जोडीतला मोठा मासा मादी होतो. सगळे आधी नरच असतात. पुढे दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलायचे.

मे महिना

आपल्याकडची खरी परीक्षा उन्हाळा. टाकीचे तापमान 25 ते 27 अंशांत हवे. 25 अंशांना गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम 6.8. तापमान वाढले की तोही घटतो. कोरड्या मे महिन्यात पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्याच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही.

गेल्या मे महिन्यात एका रात्री सात तास वीज नव्हती. बॅटरीवरचा हवेचा पंप आणि फ्रीजरमधल्या बर्फाच्या बंद बाटल्या आधीच तयार होत्या. आम्ही खाद्य बंद ठेवले आणि आळीपाळीने जागलो. पाणी 29 अंशांवर थांबले. मासे वाचले.

पालकांसाठी

खरेदीपूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. मुलगा वसतिगृहात असताना रोज टाकीकडे कोण पाहील? सुट्टीत सगळे गावी गेलात तर किल्ली कोणाकडे? वर्षभरात बदली अपेक्षित आहे का? क्लाऊनफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, आपली पोस्टिंग तेवढी टिकत नाही. एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर टाकी पुढच्या स्टेशनवर घ्या. जीव आणल्यावर त्याला ‘सांभाळता येत नाही’ म्हणून नर्मदेत सोडणे हा उपाय नाही. गोड्या पाण्यात तो मरेल.

स्वाध्याय

1. 2 फूट × 1 फूट × 1 फूट टाकीत 45 लिटर पाणी भरले. किती क्षार लागतील?
2. त्यातले 5 लिटर पाणी उडून गेले, तर दर लिटरला क्षार किती होतील? त्यावर उपाय कोणता?

उत्तरे वहीत लिहून मला दाखवा.