नस वेगळी, पण आजार नव्हे

‘सायटिक नर्व्ह पिरिफॉर्मिस स्नायूतून जाते’ असं एमआरआयच्या रिपोर्टमध्ये छापून आलं की घरात धास्ती बसते. नस जन्मतःच चुकीची आहे का, ऑपरेशन लागेल का?

ही शरीरातली सर्वांत जाड नस. सहसा ती कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूच्या खालून बाहेर पडते आणि मांडीमागून उतरून गुडघ्याच्या जरा वर दुभंगते. सगळ्यांत मात्र असं नसतं. बीटन आणि अँसन यांनी १९३७ मध्येच तिच्या मार्गाचे सहा प्रकार मांडले. काहींत ती वरच दुभंगते. एक फांदी स्नायू भेदून आणि दुसरी खालून येते. सहा हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या २०१० मधल्या एका आढाव्यात वेगळ्या रचनेचं प्रमाण सुमारे १७ टक्के निघालं. पिरिफॉर्मिस सिंड्रोमसाठी, म्हणजे या स्नायूखाली नस दाबली जाऊन होणाऱ्या दुखण्यासाठी, ऑपरेशन झालेल्यांतही ते जवळपास तेवढंच होतं. म्हणून केवळ त्या ओळीवर ऑपरेशनला होकार देऊ नका. सायटिकाचं दुखणं बहुतेकदा कमरेच्या गादीमुळे असतं आणि बरेच जण काही आठवड्यांत ऑपरेशनविना सुधारतात.

रचनेचं महत्त्व आहे ते सुई आणि सुरीपाशी. खुब्याचा सांधा बदलायचा असेल किंवा पायापुरती भूल घ्यायची असेल, तर हा रिपोर्ट सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना आवर्जून दाखवा. नस वरच दुभंगलेली असली तर गुडघ्यामागे दिलेली भूल अर्धवट लागू शकते.

मला जास्त काळजी वाटते ती कुल्ल्यावरच्या इंजेक्शनची. गोळीने भागत असताना ‘डॉक्टर, सुई द्याच’ असा हट्ट धरू नका. घ्यावंच लागलं तर उभ्याने, कपडा जेमतेम सरकवून घेऊ नका, आडवे व्हा. जागा वरच्या, बाहेरच्या चतकोरातली किंवा त्याहून सुरक्षित म्हणजे खुब्याच्या बाजूची हवी. तान्ह्या बाळांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. सुई टोचताच पोटरीपर्यंत सणक गेली तर ताबडतोब ‘थांबा’ म्हणा. बाहेरच्या बाजूची फांदी लवकर दुखावते. मग पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल निसटते. असं झालं तर मालिश करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि सायटिकाच्या दुखण्यात लघवी अडली किंवा जांघेत, बैठकीच्या जागी बधिरता आली, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.