बर्फाखालचे अन्न

कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतील रानटी रेनडिअर. कॅनडा व अलास्का येथील थंड प्रदेशांत ते कळपाने राहतात. उन्हाळ्यात त्यांना हिरवे गवत आणि झुडपांची कोवळी पाने मिळतात. हिवाळ्यात मात्र जमीन बर्फाने झाकून जाते. मग हे प्राणी काय खात असतील?

हिवाळ्यात त्यांचे मुख्य अन्न दगडफूल हे असते. आपल्या घरच्या मसाल्यातही दगडफूल घालतात. कॅरिबूंचे दगडफूल त्याच गटातले, पण ते जमिनीवर उगवते. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून ते तयार होते. ते फार हळू, वर्षाला काही मिलिमीटरच वाढते.

कॅरिबू वासावरून बर्फाखालचे दगडफूल हुडकतो. मग पुढच्या खुरांनी बर्फ उकरून तो खड्डा करतो. ‘कॅरिबू’ हे नाव कॅनडातील मिकमॅक लोकांच्या भाषेतून आले आहे. त्याचा अर्थच ‘बर्फ उकरणारा’ असा आहे. मोठ्या नरांची शिंगे हिवाळ्याच्या सुरुवातीला गळतात; पण बहुतेक माद्यांची शिंगे हिवाळाभर टिकतात. त्यामुळे मादी आपला खड्डा राखू शकते आणि पिलालाही खायला मिळते.

बर्फ मऊ असेल, तर उकरणे सोपे जाते. थर जाड असेल, तर बरीच शक्ती खर्च होते. अशा वेळी कळप कमी बर्फाच्या जागी जातात. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत बर्फाचा थर कित्येक मीटर असतो. तेथे उकरून उपयोग नसतो. पण घट्ट बर्फावर उभे राहिले, की झाडांवर लोंबणारे दगडफूल तोंडाला लागते. तेथे बर्फच त्यांची शिडी होतो!

खरे संकट येते ते पावसामुळे. ऐन हिवाळ्यात पाऊस पडला, की पाणी गोठते आणि बर्फावर कडक थर बसतो. तो खुरांनी फुटत नाही. अन्न पायाखाली असूनही प्राणी उपाशी राहतात. 1973-74 च्या हिवाळ्यात कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांवर असेच घडले. तेथील पिअरी जातीचे पुष्कळ कॅरिबू भुकेने मेले.

आज पृथ्वीचे तापमान वाढत आहे. थंडी कमी झाली, तर या प्राण्यांचे बरेच होईल, असे आपल्याला वाटते. पण हिवाळ्यातील ऊबच बर्फाऐवजी पाऊस आणते. कॅरिबू कडाक्याची थंडी सहन करतो. बंद झालेले अन्नाचे दार मात्र त्याला उघडता येत नाही.

स्वाध्याय

1. मादीला हिवाळ्यात शिंगांचा काय उपयोग होतो?
2. ‘बर्फच त्यांची शिडी होतो’ असे लेखकाने का म्हटले आहे?
3. हिवाळ्यातील पाऊस कॅरिबूंना घातक का ठरतो?