वळवाआधी छतावरचे जॉइंट उघडा

मे महिना लागला की पुणे परिसरात दुपार कलताना आभाळ भरून येते, वारा सुटतो, विजा कडाडतात आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर वीजही जाते. या जाण्या-येण्याला कंटाळून वारजे, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे या पट्ट्यातल्या अनेक रोपवाटिकाधारकांनी, गच्चीवर भाजीपाला घेणाऱ्यांनी आणि मुठा खोऱ्यात शेतघर असलेल्या कुटुंबांनी छतावर पॅनेल आणि खाली बॅटरी-इन्व्हर्टर अशी स्वतंत्र व्यवस्था केली आहे. कारण रास्त आहे. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत अनुदान मिळते ते ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेला, आणि बॅटरी नसलेली तशी यंत्रणा पुरवठा गेला की सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडते. म्हणजे फॉगर, ठिबकचा लहान पंप किंवा हायड्रोपोनिक्सच्या टाकीतला एअरेटर नेमका गरजेच्या वेळी थांबतो. पॅनेल किती घ्यावेत, तोंड कुठे असावे, बॅटरी किती अँपिअर-तासांची हवी, हे बहुतेकांना आता पाठ झाले आहे. त्याची उजळणी इथे करत नाही. या हंगामात काळजी एकाच गोष्टीची आहे : पॅनेलपासून बॅटरीपर्यंतच्या डीसी वायरिंगमधले सैल, गंजके आणि टेप गुंडाळलेले जॉइंट. आग लागते ती बहुधा तिथून, वीज वाया जाते तीही तिथूनच, आणि आपले लक्ष मात्र पॅनेलवरच्या धुळीकडे असते.

हा धोका समजायचा तर घरातली वीज आणि छतावरची वीज यांतला फरक आधी पक्का करावा लागेल. घरातला एसी प्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. जॉइंट सैल झाला आणि ठिणगी पडली तरी त्या शून्यावर ती विझण्याची संधी असते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. सैल टोकांमध्ये एकदा ठिणगीची कमान धरली की ऊन असेपर्यंत ती जळत राहू शकते, आणि तिचे तापमान तांबे वितळवण्याइतके असते. ठिणगी पडण्याआधीही नुकसान चालूच असते. आजच्या ५४० वॅटच्या पॅनेलमधून भर उन्हात साधारण १३ अँपिअर प्रवाह वाहतो. गंजलेल्या जॉइंटचा रोध अर्धा ओहम धरला, तर त्या एका बिंदूवर ८४ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचा सोल्डरिंग आयर्न २५ ते ६० वॅटचा असतो. त्याहून तापलेले टोक प्लास्टिकच्या पत्र्याखाली, वाळक्या पाल्याशेजारी किंवा शेडनेटला टेकून दिवसभर ठेवायला कोणी धजणार नाही. पण सैल जॉइंट ठेवून आपण नेमके तेच करतो.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘फ्यूज आहे ना, उडेल.’ नाही उडणार. महावितरणच्या लाइनवर शॉर्टसर्किट झाले तर शेकडो अँपिअर धावतात आणि फ्यूज तत्काळ वितळतो. पॅनेलचे तसे नाही. १३ अँपिअर देणारे पॅनेल पूर्ण शॉर्ट केले तरी जेमतेम १४ अँपिअर देते. एवढ्या फरकाने पंधरा किंवा वीस अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलत नाही. पॅनेलच्या दोनपेक्षा जास्त रांगा समांतर जोडल्या असतील तर प्रत्येक रांगेला स्वतंत्र डीसी फ्यूज हवाच, कारण एका रांगेत दोष आला की बाकीच्या रांगा आपला सगळा प्रवाह तिच्यात उलटा ओततात. पण तो फ्यूज या कामासाठी आहे, सैल जॉइंटसाठी नाही. बॅटरीकडची गोष्ट बरोबर उलटी. साधी १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्या घरात प्रवाह सोडू शकते, आणि तिथे तर अनेक घरांत फ्यूजच नसतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात डीसी फ्यूज हवा. इन्व्हर्टरजवळचा फ्यूज मधल्या वायरला वाचवू शकत नाही.

आता घरगुती उपायांकडे वळू, कारण खरा त्रास त्यांचाच आहे. वायर पिळायची, काळी टेप गुंडाळायची, वर दुधाची पिशवी बांधायची आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणायचे, हा प्रकार बंद झाला पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात छतावर टेपचा डिंक सुटतो, पिशवीत सकाळचे दव आणि वळवाचे पाणी साचते, आणि झाकलेला जॉइंट उघड्यापेक्षा लवकर हिरवा पडतो. घरात उरलेली साधी वायर छतावर टाकणे हाही तसाच हट्ट. तिचे पीव्हीसी आवरण उन्हाने कडक होऊन तडकते आणि आतले साधे तांबे काळे पडते. छतावर सोलर केबलच हवी. तिच्या तारांवर कथिलाचा मुलामा असतो आणि आवरण ऊन सोसण्यासाठी बनवलेले असते. तीही पॅनेलखाली लोंबकळत ठेवली तर उपयोग नाही. पांढरे केबल टाय उन्हात एक-दोन वर्षांत तुटतात, केबल वाऱ्याने फ्रेमच्या धारेवर घासत राहते, त्यात पॅनेलखाली कबुतरे घरटी करतात आणि खारी-उंदीर आवरण कुरतडतात. स्टीलच्या क्लिपा किंवा उन्हात टिकणारे काळे टाय लावा, पॅनेलखालची जागा जाळीने बंद करा आणि घरट्याची वाळकी काडी पावसाळ्याआधी काढून टाका. ठिणगीला जळण पुरवणारे ते घरटेच असते.

पॅनेलला मागून येणारे एमसी-४ कनेक्टर हा दुसरा दुखरा भाग. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी एकमेकांत बसतात, ‘टक्’ असा आवाजही येतो, म्हणून कारागीर खूश होतो. पण आतल्या पिनांचे माप, धातूचा मुलामा आणि रबरी कडी यांत बारीक फरक असतो. उन्हाने तापणे आणि रात्री थंड होणे असे शेकडो वेळा झाले की पकड ढिली पडते आणि पाणी आत शिरते. जोडी एकाच कंपनीची, एकाच मालिकेची हवी. वायरवर पिन बसवताना क्रिंपिंगचे खास साधन वापरले पाहिजे. पक्कडीने दाबलेली पिन बाहेरून तशीच दिसते, पण ओढली की सुटून येते. कनेक्टर कौलांच्या पन्हाळीत किंवा स्लॅबवर पाणी साचते तिथे पडू देऊ नका. आणि उन्हात, प्रवाह चालू असताना, एमसी-४ कधीही ओढून सोडवू नका. चार पॅनेल मालिकेत असतील तर टोकांना २०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. ओढताना पडणारी कमान हात आणि डोळे दोन्ही भाजून काढते.

एसीचा एमसीबी डीसी बाजूला बसवण्याची काटकसर तर सर्वांत महागात पडणारी आहे. घरातल्या एमसीबीला कमान विझवायला मघाशी सांगितलेल्या शून्याचा आधार लागतो. डीसी बाजूला तो आधार नाही. तोच एमसीबी ठोकला तर खटका खाली येतो, मात्र आतली कमान चालू राहते आणि डबीच पेटते. डीसीसाठी बनवलेला, आपल्या रांगेच्या व्होल्टेजपेक्षा जास्त क्षमतेचा आयसोलेटर किंवा एमसीबी घ्या, आणि त्यावर धन-ऋण खुणा असतील तर त्या काटेकोर पाळा. उलटा जोडला तर तोही निकामी ठरतो. व्होल्टेजचा हिशेबही कागदावर मांडा. प्रत्येकी साडेएकोणपन्नास व्होल्टचे तीन पॅनेल मालिकेत लावले की १४८.५ व्होल्ट होतात, म्हणून १५० व्होल्टचा कंट्रोलर चालेल असे विक्रेता सांगतो. पण तो आकडा पॅनेल २५ अंशांवर असतानाचा आहे. पॅनेल गार झाले की व्होल्टेज चढते, अंशाला साधारण पाव ते एक तृतीयांश टक्का. पुण्याच्या थंडीत सकाळी पारा दहा अंशांवर असताना हेच पॅनेल १५० ची रेघ ओलांडतात. तिथे दोन पॅनेलची रांग किंवा मोठा कंट्रोलर हवा.

जॉइंट सुधारून वायर बारीकच ठेवली तर अर्धे काम फुकट जाते. चार चौरस मिलिमीटरच्या सोलर केबलचा रोध किलोमीटरला साधारण पाच ओहम. छतापासून खोलीपर्यंत १५ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर. २४ व्होल्टच्या यंत्रणेत तिच्यातून २० अँपिअर धावले तर तीन व्होल्ट वायरीतच जिरतात, म्हणजे आठवा हिस्सा. ‘पॅनेल कमी पडतात’ म्हणून आणखी एक पॅनेल आणण्याआधी हा हिशेब करा. दहा चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर तोटा सव्वा व्होल्टच्या आत येतो. एमपीपीटी कंट्रोलर असेल तर पॅनेल मालिकेत जोडून व्होल्टेज वाढवणे आणि प्रवाह कमी करणे त्याहून स्वस्त पडते. नवे पॅनेल जुन्या रांगेत मालिकेने घुसवू नका. सगळ्या रांगेचा प्रवाह सर्वांत दुबळ्या पॅनेलइतका खाली येतो.

वळवाची वीज हा या प्रश्नाचा दुसरा चेहरा आहे. घरावर थेट पडणारी वीज कुठलेही लहान उपकरण अडवू शकत नाही. त्यासाठी वीजरोधकाची वेगळी व्यवस्था लागते. पण बहुतेक कंट्रोलर आणि इन्व्हर्टर जळतात ते जवळपास पडलेल्या विजेने वायरीत उठणाऱ्या झटक्याने. धन आणि ऋण वायरी छताच्या दोन कडांनी फिरवल्या तर मध्ये मोठा फास तयार होतो आणि झटका तितका वाढतो. दोन्ही वायरी शेजारी-शेजारी, एकाच मार्गाने आणा. याला एक पैसा खर्च येत नाही. कंट्रोलरआधी डीसीचा सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याची अर्थिंगची तार आखूड, सरळ ठेवा. पॅनेलच्या फ्रेम, स्टँड, इन्व्हर्टर आणि घराची अर्थिंग एकमेकांना जोडलेली हवी. ‘सोलरची अर्थिंग वेगळी’ ठेवली तर विजेच्या वेळी दोन अर्थिंगमध्येच हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. अर्थिंगच्या खड्ड्यात दर उन्हाळ्यात मिठाची पिशवी रिकामी करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे : मिठाने आकडा चार दिवस सुधारतो, पावसात मीठ वाहून जाते आणि जीआयची पट्टी तेवढी गंजून उरते. आपल्याकडे वरचा थर मुरमाचा, खाली काळा कातळ. मे महिन्यात तो सर्वांत कोरडा असतो, म्हणून अर्थिंगचा रोध आताच टेस्टरने मोजा. ऑगस्टमध्ये मोजलेला चांगला आकडा फसवा असतो. पाषाणच्या आयआयटीएम संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा आणि त्याने इशारा दिला की छतावरून खाली या. त्या वेळी कनेक्टर सोडवायला वर जाणे हा शुद्ध अविचार आहे.

‘इतकी वर्षे असेच चालले आहे, काही झाले नाही,’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण असा दोष दिसत नाही, साचत जातो. ५ एप्रिल २००९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये एका मोठ्या दुकानाच्या छतावरच्या सौर यंत्रणेला आग लागली. एक लहान गळती आधीपासून होती, ती कोणत्याही यंत्राने दाखवली नव्हती. दुसरा दोष झाला तेव्हा प्रवाहाला आयता रस्ता मिळाला, आणि बसवलेला फ्यूज तो तोडू शकला नाही. दुसऱ्या टोकाला असेही म्हणणारे आहेत की इतका धोका असेल तर सोलर नकोच. तेही चूक. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने तिथल्या लाखो यंत्रणांचा वीस वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा आगीच्या सुमारे साडेतीनशे घटना आढळल्या आणि त्यांतल्या १२० च्या आसपास घटनांत दोष सौर यंत्रणेचा निघाला. नीट बसवलेली यंत्रणा सुरक्षित असते, हेच यातून दिसते. खर्चाची सबबही पोकळ आहे : चांगले कनेक्टर, लग, डीसी आयसोलेटर आणि क्लिपा यांचा सगळा खर्च एका नव्या पॅनेलच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

दोन गोष्टी थोडक्यात, पण ठाम. बॅटरी आणि इन्व्हर्टर जमिनीवर ठेवू नका. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर मुठेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, आणि त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाचीवाडीत विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. आणि इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनला समांतर जोडू नका. मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज मारेल.

तपासणी संध्याकाळी करा, किंवा पॅनेलवर जाड गडद कापड टाकून. उजेड असेपर्यंत पॅनेल बंद होत नाही. आधी इन्व्हर्टरचा भार काढा, मग पॅनेलचा आयसोलेटर, शेवटी बॅटरी. जोडताना उलट : आधी बॅटरी, मग पॅनेल. काळे पडलेले, वितळलेले, हिरवट झालेले प्रत्येक टोक कापून नव्याने लग बसवा आणि स्क्रू कंपनीने दिलेल्या मापाने आवळा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हात न लावता, इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळे जॉइंट पाहा. शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापलेला एखादा दिसला तर तो पुन्हा करायचा. हे काम परवानाधारक कारागिराकडून करून घ्या, मात्र समोर उभे राहून. ‘सगळे ओके आहे’ एवढ्या शब्दावर पैसे देऊ नका. जो जॉइंट उघडून दाखवत नाही, त्याने तो तपासलेला नाही असेच धरा.