कान दुखतोय? आधी कानापुढे बोट ठेवा

मोलगी गावच्या बाजारच्या दिवशी तपासायला येणाऱ्यांत कान धरून बसलेला एखादा तरी असतोच. घरी लसूण तळून कोमट केलेलं तेल कानात गेलेलं असतं, काडी फिरवून झालेली असते. मी उजेड टाकून आत पाहतो. पडदा चकचकीत, पू नाही, सूज नाही. ‘कान चांगला आहे,’ असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. डॉक्टरला आपलं दुखणं खोटं वाटलं, असं त्याला वाटतं. दुखणं खरंच असतं. ते शेजारच्या घरातलं असतं, एवढंच.

कानाच्या छिद्रापुढे जो छोटासा कुर्चेचा उंचवटा असतो, त्याच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतं ते जबड्याच्या सांध्याचं टोक. सांधा आणि कानाची नळी यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदाच काय तो. शिवाय सांध्याला आणि कानाच्या नळीच्या पुढच्या बाजूला संवेदना पुरवणारी नस एकच आहे. त्यामुळे सांधा कुरकुरला की मेंदूला वाटतं, कान दुखतोय. बोटाने दाबल्यावर तीच कळ उठली, तोंड उघडताना ‘कट्’ वाजलं, भाकरी चावताना किंवा जांभई देताना कान ठणकला, तर संशय जबड्यावर घ्यायचा. दुखणं नसेल आणि नुसतंच ‘कट्’ वाजत असेल, तर मात्र उपचाराची गरज नाही.

सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने 1934 मध्ये अशाच अकरा रुग्णांची हकिगत लिहिली होती. दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि कानावर दाब येतो, असं त्याचं म्हणणं. ते कारण पुढे टिकलं नाही; कान आणि जबड्याचं नातं टिकलं.

कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो, ही दुसरी तक्रार. इथे एक गंमत करून पाहा. दात घट्ट आवळा, मग हनुवटी पुढे काढा. आवाज चढला, उतरला किंवा त्याचा सूर बदलला, तर त्यात जबड्याचा हात असू शकतो, कारण जबड्याकडून येणाऱ्या नसांचे धागे मेंदूत ऐकण्याच्या केंद्रापर्यंत पोहोचतात. पण सगळं खापर जबड्यावर फोडू नका. वय आणि मोठा आवाज ही कर्णनादाची जास्त नेहमीची कारणं. काठी गावच्या होळीत रात्रभर ढोलाजवळ नाचलेल्याचे कान दुसऱ्या दिवशी वाजत असतील, तर जबडा बिचारा निर्दोष आहे. आणि जबडा बरा झाला की आवाज जाईलच, असं वचन मी कुणाला देत नाही. काहींचा कमी होतो, काहींचा राहतो.

सांधा दुखावतो कशाने? झोपेत दात खाण्याने, काळजीत दात आवळून बसण्याने. आमच्याकडे आणखी एक कारण वारंवार दिसतं: एका बाजूची दाढ किडलेली, म्हणून वर्षानुवर्षं दुसऱ्याच बाजूने चावणं. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं दिवसभर ऊस दातांनी सोलून खातात, त्यांचाही जबडा धरतो. तंबाखू-सुपारी सतत चघळणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांनी स्वतःची तीन बोटं उभी जुळवून तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील आणि तिखटाने तोंड जळत असेल, तर तो सांध्याचा नव्हे, सुपारीने गालाची कातडी आखडण्याचा आजार असू शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पुडी मिळते की नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

बहुतेक जबडे साध्या उपायांनी शांत होतात. दोन-तीन आठवडे भगर, खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी असं मऊ खा. कैऱ्या, भाजलेलं मक्याचं कणीस आणि ऊस बंद. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं जबड्यावर ठेवा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. आणि दिवसभर एवढं लक्षात ठेवा: ओठ मिटलेले, दात सुटलेले. गप्प बसलेल्या माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. फरक पडला नाही, तर दातांच्या डॉक्टरांकडून रात्री दातांवर घालायची पट्टी बनवून घेता येते. दात घासून कमी करण्याचा किंवा सांध्याच्या ऑपरेशनचा सल्ला कुणी पहिल्याच भेटीत दिला, तर दुसरं मत घ्या.

काही वेळा मात्र घरी थांबू नका. कानातून पू किंवा रक्त येणं, तोंड वाकडं होणं, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येणं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी निघा. उशीर झाला की ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता घटते. तंबाखू खाणाऱ्याचा कान दुखतोय, कान तपासून स्वच्छ आहे, पण जिभेवर न भरणारी जखम आहे किंवा गिळायला त्रास होतोय, तर कर्करोगाची तपासणी हवीच. चढ चढताना जबडा दुखतो आणि उभं राहिलं की दुखणं थांबतं, तेव्हा हृदय तपासून घ्या. कोयता किंवा काटा लागल्यावर काही दिवसांनी तोंड उघडेनासं झालं, तर धनुर्वात समजून तडक रुग्णालय गाठा.

आया विचारतात, पोर झोपेत दात खातं, जंत झाले का? जंतांशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, आणि बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात सुटते. अंगणवाडीत-शाळेत मिळणारी जंताची गोळी मात्र द्या. ती वेगळ्या कारणांसाठी हवीच आहे.